समुद्रापासून दूरचं पातेलं

चांदवडच्या बाजारात समुद्र पिढ्यान्‌पिढ्या वाळून आला. सुकट, बोंबील, सोडे. वर्सोव्याला, उत्तनला वलांड्यांवर, म्हणजे वाळवणीच्या मांडवांवर, उन्हात कडक झालेले बोंबील पोत्यात बांधून घाट चढायचे आणि आमच्याकडे बाजरीच्या भाकरीबरोबर संपायचे. ओला मासा म्हणजे धरणातला किंवा नदीतला: रोहू, कटला, मरळ. खाऱ्या पाण्यातली ताजी कोळंबी किंवा जिवंत चिंबोरी चांदवडच्या चुलीपर्यंत पोचणं बर्फ आणि रात्रीचा ट्रक आल्यावरच शक्य झालं. मुंबई इथून सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे आहे. मधे कसाऱ्याचा घाट आणि नाशिक. ससून डॉकला किंवा भाऊच्या धक्क्यावर उतरलेला माल नाशिकला येतो आणि तिथून पासष्ट किलोमीटर पुढे आमच्यापर्यंत.

अशा गावात बसून सीफूड बॉइल घरी कसं करायचं हे सांगणारी पानं लिहावीत का, हा प्रश्न रास्त आहे. मी त्याचं उत्तर हो असंच देते, आणि का ते या प्रस्तावनेत सांगते.

हा पदार्थ आपल्या मुलांनी आधी फोनवर पाहिला. टेबलभर ओतलेले लालभडक खेकडे, कोळंबी, मक्याचे तुकडे, बटाटे आणि त्यावर लसणाचं लोणी. पाहणाऱ्याला वाटतं की हे किनाऱ्यावरच्या श्रीमंतांचं खाणं असावं. मूळ फार वेगळं आहे. अमेरिकेच्या दक्षिणेला लुईझियाना राज्यात जे बॉइल सगळ्यांत प्रसिद्ध आहे, त्यातला मुख्य जीव समुद्रातला नाहीच. तो क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातला, शेवंडाच्या घाटाचा पण बोटभर लांबीचा जीव. तो दलदलीत राहतो, आणि आज तिथले शेतकरी भाताचं पीक काढल्यावर त्याच खाचरात पाणी भरून तो वाढवतात. म्हणजे ज्या पदार्थाला जगभर समुद्राचं नाव मिळालं, तो त्याच्या घरी भातशेतीच्या बांधावरचा आहे. इगतपुरी-त्र्यंबकच्या खाचरांतून आणि ओढ्यांतून पावसाळ्यात निघणारा काळा खेकडा ज्यांनी खाल्ला आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

या पदार्थाची दुसरी शाखा साउथ कॅरोलायनातल्या सेंट हेलेना बेटावरची. तिथल्या फ्रॉगमोर या वस्तीच्या नावाने ती ओळखली जाते: कोळंबी, मका, बटाटे आणि सॉसेज एका पातेल्यात. तिसरी शाखा बाल्टिमोरची, खेकड्यांची. तिथला मसाला गुस्ताव ब्रून नावाच्या माणसाने बांधला. जर्मनीत मसाल्याचा व्यापार करणारा हा ज्यू माणूस नाझींच्या बुखेनवाल्ड छावणीतून सुटला, अमेरिकेला पोचला आणि १९३९ मध्ये त्याने बाल्टिमोरला मसाल्याची कंपनी काढली. पुढे त्याचा मसाला ओल्ड बे नावाने घरोघरी गेला. आणि १९७५ नंतर व्हिएतनाममधून निर्वासित होऊन आलेली कुटुंबं मेक्सिकोच्या आखाताकाठी वसली, त्यांतली बरीच कोळंबीच्या बोटींवर कामाला लागली, आणि ह्यूस्टनमध्ये त्यांच्या पुढच्या पिढीने उकडलेल्या क्रॉफिशवर लसूण परतलेलं लोणी ओतलं. फोनवर जे दिसतं ते बहुतेक या शेवटच्या टप्प्यातलं आहे. हा पदार्थ विस्थापितांनी, मजुरांनी आणि शेतकऱ्यांनी आपापल्या हाताशी होतं ते पातेल्यात टाकून घडवला. म्हणून चांदवडच्या माणसाने तो आपल्या हाताशी आहे त्यातून घडवला तर ते मूळ रीतीला धरूनच होईल.

आता हाताशी काय आहे ते पाहू. पातेल्यातला तीनचतुर्थांश ऐवज रानातला असतो. मका चांदवड, येवला, मालेगाव या पट्ट्यात खरिपात डोळ्यात भरेल इतका दिसतो. कांद्याबद्दल तर लासलगाव शेजारी असताना वेगळं सांगायला नको. पण एक आवर्जून सांगते. बॉइलसाठी मोठा कांदा घेऊ नये, गोल्टी घ्यावी. बाजार समितीत जिला सर्वांत कमी भाव मिळतो ती ही बारकी, गोल कांदी. साल काढून अख्खी टाकली की ती फुटत नाही, आतून मऊ होते आणि खेकड्याचं पाणी पिऊन घेते. लसूण, मिरची, धने, लिंबू घरचेच. बटाटा बहुधा इंदूर किंवा आग्र्याकडचा, पण तोही आमच्या दारावरच्या आग्रा रस्त्यानेच येतो. आणि त्या परदेशी मसाल्याच्या पुड्यांत असतं काय? मोहरी, धने, मिरी, लवंग, तमालपत्र, सुकी मिरची. यातली मिरी तर भारतातूनच जगात गेली आहे. पुडी विकत आणायची काहीच गरज नाही. अख्खा मसाला पातळ सुती फडक्यात बांधून पुरचुंडी पाण्यात सोडावी.

मक्याबाबत एक सावधगिरी. आपल्याकडचा बहुतेक मका दाण्यासाठी लावलेला संकरित मका असतो. त्याचं कणीस दुधाळ असतानाच उकडायला चांगलं. नख रोवल्यावर दाण्यातून पांढरं दूध उडालं पाहिजे. दाणा पिठूळ झाला की ते कणीस वीस मिनिटांतही मऊ होत नाही आणि बाकी सगळ्याचा वेळ बिघडवतं. शंका असेल तर स्वीटकॉर्न घ्या, त्यात कमीपणा नाही.

कवचाच्या जीवांपर्यंत आलो की चांदवडला खरी अडचण सुरू होते, म्हणून इथे थोडं थांबते.

पहिला मार्ग नदीच्या खेकड्याचा. आपला तालुका अवर्षणाचा, त्यामुळे खेकडे इथे मुबलक नाहीत. ते येतात पश्चिमेकडून, सह्याद्रीच्या पावसातून. ठाकर आणि महादेव कोळी माणसं पावसाळी रात्री बत्ती घेऊन ओढ्यात उतरतात, बिळात हात घालतात, आणि सकाळी घाटाच्या रस्त्यावर खेकड्यांच्या माळा घेऊन उभी राहतात. त्यांच्याशी भावाची घासाघीस करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. काळोखात, वाहत्या पाण्यात, नांग्यांच्या तोंडी बोटं देऊन केलेलं ते काम आहे. दुसरं असं की पोटाखालची झाकणी उचलून पाहावी. गोड्या पाण्यातल्या खेकड्याची पिल्लं अंड्यातून थेट खेकड्याच्या रूपातच बाहेर येतात आणि काही काळ आईच्या पोटाखाली राहतात. अशी लेकुरवाळी मादी दिसली तर तिला ओढ्यात परत सोडायला सांगावं. पुढच्या वर्षीचे खेकडे तिथूनच येणार आहेत.

नदीचा खेकडा अर्धाकच्चा कधीही खाऊ नये. त्याच्या अंगात फुप्फुसात घर करणारा एक चपटा जंत असू शकतो. ईशान्य भारतात, विशेषतः मणिपुरात, कच्चे किंवा अर्धवट शिजलेले खेकडे खाल्ल्याने होणारा हा आजार चांगलाच नोंदलेला आहे. खोकल्यातून रक्त पडतं आणि क्षय समजून भलतेच उपचार होतात. पूर्ण उकळीत पंधरा मिनिटांहून जास्त ठेवलेल्या खेकड्यात हा धोका उरत नाही. मात्र कच्च्या खेकड्याला लागलेली सुरी आणि पाट धुतल्याशिवाय कोशिंबिरीला वापरायचे नाहीत. आणि द्राक्षबागांच्या फवारणीचं पाणी ज्या ओढ्यात उतरतं तिथले खेकडे मी घरात घेत नाही, कोणी फुकट दिले तरी.

दुसरा मार्ग कोळंबीचा, आणि चांदवडकरांसाठी तो सर्वांत सोपा. २००९ मध्ये भारतात व्हेनामी जातीच्या कोळंबीच्या शेतीला परवानगी मिळाली, आणि आंध्रच्या तळ्यांतून ती इतकी निघू लागली की गोठवलेली पाकिटं आता जिल्ह्याच्या ठिकाणी सहज मिळतात. चांगली गोठवलेली कोळंबी ही बाजारात दिवसभर बर्फाच्या पाण्यात पडून राहिलेल्या ‘ताज्या’ कोळंबीपेक्षा बरी, असं मी अनुभवाने म्हणते. रात्रभर फ्रीजमध्ये हळूहळू सुटू द्यावी. गरम पाण्यात सोडवली तर तिचा चावा जातो. डोक्याजवळ काळे डाग दिसले म्हणून लगेच फेकू नये. ते तिच्याच अंगातल्या एका विकरामुळे पडतात. नाकावर मात्र विश्वास ठेवावा. अमोनियाचा वास आला की प्रश्न मिटला.

गोड्या पाण्यातला मोठा झिंगा, निळ्या लांब नांग्यांचा, धरणांत आणि तळ्यांत सोडून वाढवतात. त्याच्या पिल्लांना सुरुवातीला मचूळ पाणी लागतं, त्यामुळे धरणात तो आपोआप वाढत राहत नाही, बी दर वेळी बाहेरून आणून सोडावं लागतं. २०१६ मध्ये मागेल त्याला शेततळे ही योजना आली आणि आपल्या भागात प्लॅस्टिकचा कागद अंथरलेली तळी गावोगाव झाली. त्यांतल्या काहींत लोक मासे सोडतात. अशा तळ्यावरचा झिंगा मिळाला तर काढल्याबरोबर बर्फात घालावा आणि त्याच दिवशी करायचा नसेल तर डोकं काढून ठेवावं. डोक्यातला पाचक रस मांसात उतरला की ते पिठासारखं होतं, आणि मग कितीही चांगला मसाला त्याला वाचवत नाही.

तिसरा मार्ग चिंबोरीचा, म्हणजे कांदळवनातल्या मोठ्या काळ्या खेकड्याचा. नाशिकला सांगून ठेवावं लागतं. तो जिवंतच घ्यावा. मेलेल्या खेकड्याचं मांस त्याच्याच अंगातल्या रसांनी आणि जंतूंनी फार लवकर बिघडतं, म्हणून ‘आत्ताच मेला’ या शब्दावर जाऊ नये. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे. अमावस्येच्या आसपास चिंबोऱ्या भरलेल्या असतात आणि पौर्णिमेला पोकळ, असं कोळी सांगतात, आणि खरेदी करताना मी ते मानते. घरी आणल्यावर नांग्या बांधलेल्याच ठेवून अर्धा तास बर्फात गाडावा. तो सुन्न होतो आणि मगच उकळीत जातो. जिवंत तडफडणारा जीव पाण्यात टाकणं मला बघवत नाही, आणि त्याची गरजही नाही.

तिसऱ्या, कालवं, खडपे यांच्या वाटेला या गावात जाऊ नये असाच माझा सल्ला आहे. शिंपल्याचा जीव प्रवासात मेला तर ते बाहेरून नेहमीच कळतं असं नाही. रत्नागिरीला किंवा मालवणला गेलात तर तिथे भरपूर खा.

यानंतर पंचांग. आपल्या घरांत कधी काय खायचं हे पंचांग ठरवतं, समुद्रात कधी जायचं हे सरकार आणि वारा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. आषाढी अमावास्येला, श्रावण लागण्याआधी, घरोघरी मांसाहाराची घाई असते, आणि बहुतेक वर्षी नेमका तेव्हा समुद्र बंद. त्या दिवशी चांदवडच्या पातेल्यात नदीचा खेकडाच शोभतो. पुढे नारळी पौर्णिमेला कोळी दर्याला नारळ देतात आणि कोळंबी येऊ लागते, तर आपल्याकडे श्रावण पाळला जात असतो. मग गणपती, पितृपक्ष, आणि नवरात्रात रेणुकामातेची यात्रा. त्या दिवसांत या गावात असं काही शिजवण्याचा विचारही कोणी करत नाही, करूही नये. म्हणून चांदवडच्या बॉइलचा खरा हंगाम दिवाळीनंतरचा. थंडी पडलेली, कोळंबी चांगली मिळत असलेली, आणि पाण्याखालच्या मक्याला कोवळी कणसं आलेली. फक्त थंडीत नदीचा खेकडा मिळत नाही, तो बिळात खोल गेलेला असतो.

आता प्रत्यक्ष कृतीमागचं तत्त्व. पाककृती पुढे आहेतच, पण हे समजलं तर कृतीची गरजही कमी लागेल. आपल्या कालवणात चव मसाल्याच्या वाटणात असते, इथे ती मिठाच्या पाण्यात आणि वेळेत असते. समुद्राच्या पाण्यात लिटरला पस्तीस ग्रॅमच्या आसपास मीठ असतं. आपण पंचवीस घ्यावं, म्हणजे दहा लिटर पाण्याला पाव किलो. हा आकडा ऐकून प्रत्येक गृहिणी दचकते. पण हे पाणी प्यायचं नसतं. अख्ख्या बटाट्याला, कवचाआडच्या मांसाला चव लागायची तर बाहेरचं पाणी एवढं खारट असावंच लागतं. मीठ कमी पडलं तर नंतर वरून कितीही भुरभुरलं तरी आत जात नाही.

वेळेचं गणित असं. चांदवड समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच आहे, त्यामुळे इथे पाणी शंभरऐवजी अठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं. कोळंबीला त्याने फरक पडत नाही, तिचं मांस साठ-पासष्ट अंशांतच शिजतं. बटाट्याला मात्र मुंबईपेक्षा दोन-तीन मिनिटं जास्त द्यावी लागतात, आणि परदेशी कृती शब्दशः पाळणाऱ्यांचा बटाटा इथेच दडदडीत राहतो. म्हणून आधी मीठ, पुरचुंडी, गोल्टी आणि लसणाचे अख्खे गड्डे पंधरा मिनिटं उकळू द्यावेत. मग लहान बटाटे सालासकट. सात-आठ मिनिटांनी खेकडे. पाणी थंडावतं, पुन्हा खळखळून उकळी फुटली की तिथपासून वेळ मोजायची. शेवटच्या आठ मिनिटांसाठी मका. कोळंबी आच बंद केल्यावर. एवढ्या पाण्यात उष्णता इतकी असते की तीन-चार मिनिटांत ती शिजते. अर्धी वळली की झाली, पूर्ण गोल झाली म्हणजे रबर झालं. लगेच बर्फाचे मोठे तुकडे पातेल्यात टाकावेत, शिजणं थांबतं, आणि मग दहा मिनिटं सगळं तसंच मुरू द्यावं. मसाला आत जातो तो या मुरण्यात. घाई करणाऱ्यांची चव इथे हुकते.

कवच लाल होतं ते मसाल्याच्या रंगाने नाही, हे मुलांना सांगण्यासारखं आहे. लाल रंगद्रव्य त्याच्या अंगात आधीपासून असतं, प्रथिनाला बांधलेलं, म्हणून काळपट-निळसर दिसतं. उष्णतेने ते प्रथिन सुटतं आणि रंग मोकळा होतो. पण लाल झालं म्हणजे शिजलं असं नव्हे. रंग पहिल्या काही मिनिटांतच येतो.

काळ्या मसाल्याबद्दल मला विचारलं जातं. नाशिक-खानदेशचा माणूस तो सोडणार कसा? पण भाजलेला कांदा-खोबरं पाण्यात गेलं की तेल तरंगतं, पाणी गढूळ होतं आणि चव वरवरच राहते. काळ्या मसाल्याची जागा शेवटी आहे. शेंगदाण्याच्या तेलात भरपूर ठेचलेला लसूण मंद परतायचा, आच बंद करून चमचाभर काळा मसाला त्यात फुलवायचा, लिंबू पिळायचं, आणि निथळलेल्या सगळ्यावर ओतायचं. लोण्यापेक्षा हे सरस लागतं. आणि सोबत बाजरीची भाकरी हवी, ती लसणीच्या तेलात बुडवायला.

हे सगळं करायचं कुठे? ‘घरी’ म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर ओट्यावरचा गॅस नाही. आपल्या अनेक घरांत मांसाहार आजही आतल्या स्वयंपाकघरात शिजत नाही. भांडी वेगळी, चूल बाहेर, नाहीतर सरळ मळ्यात तीन दगडांवर पातेलं. शेजारी शाकाहारी घरं आहेत, चांदवडला तर जैनांची वस्ती जुनी, डोंगरात त्यांची लेणी आहेत. त्यांना वासाचा त्रास होऊ नये ही रीत मला पटते. आणि वीस लिटरच्या पातेल्याला मळ्यातली चूलच सोयीची. रायगडात थंडीच्या दिवसांत शेतात पोपटी लावतात, भांबुर्ड्याच्या पाल्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी घालून मडकं जाळात ठेवतात आणि सगळे भोवती बसतात. बॉइलची बैठक मला तिच्या जवळची वाटते.

मला या पदार्थाचं सर्वांत मोल वाटतं ते आणखी एका कारणाने. आपल्याकडे मासे खाणाऱ्यांचा आनंद आणि मासे करणाऱ्या बाईचे कष्ट यांत फार अंतर असतं. दोन किलो कोळंबी सोलायची, दोरा काढायचा, वाटण वाटायचं, रस्सा ढवळायचा, वाढायचं, आणि उरलं तर खायचं. बॉइलमध्ये सोलण्याचं काम खाणाऱ्याकडे जातं. कोळंबीच्या पाठीवर कात्रीने एक चीर दिली, दोरा ओढला, की करणारीचं काम संपलं. कवच ज्याचं त्याने काढायचं. नांगी फोडायला वरवंटा किंवा घरातला जुना अडकित्ता मधे ठेवायचा. घरातल्या पुरुषांनाही खेकडा स्वतः फोडून खाता यायला हवा. आणि सगळं एकदम ओतलं जातं त्यामुळे करणारीही पहिल्याच पंगतीला बसते.

वर्तमानपत्रावर मात्र ओतू नका. छपाईची शाई गरम, ओल्या अन्नात उतरते, आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्येच याबद्दल सूचना काढली आहे. केळीची पानं किंवा पळसाच्या पत्रावळी एकमेकींवर सरकवून अंथराव्यात. पाहुण्यांपैकी कोणाला खेकडा-कोळंबीचं वावडं आहे का हे आमंत्रणातच विचारावं. एका पातेल्यात सगळं शिजतं, त्यामुळे त्यातला नुसता मका खाल्ला तरी अशा माणसाचा घसा सुजू शकतो. त्यांच्यासाठी आणि शाकाहारी मंडळींसाठी वेगळं लहान पातेलं आधी चढवावं, तोच मसाला, तेच मीठ.

उरलेलं पाणी खारट असलं तरी सगळं टाकायचं नाही. एक वाटी पाण्यात तीन वाट्या साधं पाणी घालून भात लावला तर दुसऱ्या दिवशीचं जेवण होतं. बाकीचं पाणी झाडांना घालू नये, मिठाने जमीन बिघडते. कवचं धुऊन, वाळवून, कुटून उकिरड्यात टाकली तर चालतात.

पुढच्या पानांतली मापं आठ माणसांची आहेत. नदीचे खेकडे, कोळंबी आणि चिंबोरी यांच्या कृती वेगळ्या दिल्या आहेत, कारण त्यांच्या वेळा वेगळ्या आहेत. तिन्ही एका पातेल्यात करायचे असतील तर नदीचा खेकडा आधी, चिंबोरी मागाहून, कोळंबी शेवटी, हा क्रम मोडू नये. पहिल्यांदा करणाऱ्यांनी फक्त कोळंबीने सुरुवात करावी, निम्म्या मापाने.